भिंतीची पुढची बाजू

भिंतीला हात लावायचा नाही, असं चिखलबाईंना त्यांच्याच भिंतीसमोर सांगण्यात आलं, आणि तेही अगदी नम्रपणे. संग्रहालयाचा पहारेकरी बिचारा नवीन होता. समोरची ही पाच फुटी, पांढऱ्या केसांची, पुरुषी बूट घातलेली बाईच ती भिंत उभी करणारी, हे त्याला कुठून ठाऊक असणार? "मागे व्हा, आजी," तो म्हणाला. बाई मागे झाल्या नाहीत. ती सवय त्यांनी कधी लावून घेतलीच नव्हती.

चिखलबाई हे नाव एका समीक्षकाने दिलेलं. चाळीस वर्षांपूर्वी बाकीचे कलाकार कॅनव्हास गुंडाळून व्हिडिओच्या मागे लागले होते, तेव्हा बाई कच्च्या मातीत कोपरापर्यंत हात घालून बसल्या होत्या. ना भट्टी, ना रंग. "ही कला नव्हे, हा चिखल आहे," असं त्याने छापलं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी दारावर 'चिखल' अशी पाटी लावली. समीक्षकाचं नाव आज कुणाला आठवत नाही.

भिंत होती एका छापखान्याच्या मागच्या खोलीत. बारा फूट लांब, माणसाच्या उंचीची, न भाजलेल्या मातीची. तिची रीत एकच होती. रोज कुणीतरी ओंजळभर पाणी घ्यायचं, भिंतीवरचा कालच्या हाताचा ठसा पुसायचा आणि आजचा उमटवायचा. पाणी चुकलं की भिंतीला भेगा पडत, हात फिरला की बुजत. बाईंची थोरली बहीण, ताई, त्या छापखान्यात पुस्तकं बांधायची. खोलीची किल्ली तिच्याकडे, म्हणून हे कामही तिच्याकडे. सव्वीस वर्षं तिने ते केलं, अंगात ताप असतानासुद्धा. मग ताई गेली, त्याच महिन्यात बाई दवाखान्यात पडल्या, आणि मागोमाग छापखाना पाडायला निघाला. संग्रहालयाने भिंतीचे अकरा तुकडे करून ती उचलून आणली आणि मोठ्या दालनाच्या मधोमध पोलादी चौकटीत पुन्हा जोडली.

आज अकरा वाजता प्रदर्शन उघडणार होतं. बाई दहालाच आल्या, कारण एक सही बाकी होती. या धंद्यात कलाकाराच्या सहीचा दाखला नसेल, तर कलाकृती म्हणजे नुसता माल. आणि मातीच्या बाबतीत तर मालही नाही, ढेकूळ.

भिंत चकाकत होती. बाईंनी पहारेकऱ्याच्या काखेखालून हात घातला आणि तळवा टेकवला. गार, गुळगुळीत, निर्जीव. बोटाला मातीचा एक कण लागला नाही. शेजारी काचेच्या चौकटीत त्यांच्याच अक्षरातला जुना कागद लावला होता: रोज ओंजळभर पाणी, रोज एक हात. त्यावर दिव्याचा सुंदर झोत. आणि कागदाच्या बरोबर खाली पाटी: कृपया हात लावू नये. हसावं की रडावं, बाईंना कळेना.

"हे कुणी केलं?"

"खास रेझिन आहे, बाई, पारदर्शक लेप," संग्रहालयाचे संचालक लगबगीने पुढे आले. "भेगा पडत चालल्या होत्या हो. आता शंभर वर्षं काही होणार नाही."

"काही होणार नाही, हीच तर रड आहे! कुणाला विचारून लावलंत?"

संचालकांनी नुसतं बाईंबरोबर आलेल्या त्यांच्या भाचीकडे पाहिलं. ताईची ही एकुलती एक मुलगी. बाईंचे कागद, पत्रं, फोन सगळं तीच सांभाळायची.

"मी परवानगी दिली," भाची म्हणाली. "तू दवाखान्यात होतीस. यांनी फोटो पाठवले. आईच्या हातावरून भेग चालली होती, मावशी, अंगठ्यापासून थेट करंगळीपर्यंत. मी काय करायला हवं होतं?"

तिने बोट दाखवलं. भिंतीच्या उजव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, चकाकीखाली ताईचा शेवटचा हात होता. पुस्तकं शिवून शिवून वाकडं झालेलं मधलं बोट स्पष्ट दिसत होतं. बहिणीची आठवण अशी भर सकाळी, परक्या माणसांसमोर, अंगावर आली.

त्या भिंतीच्या मागे गेल्या. तिकडे चकाकी नव्हती. पोलादी पट्ट्या, तुकड्यांवर चिकटवलेले आकडे, धूळ. बाईंनी बोट जिभेवर ओलं करून मातीवर दाबलं. मातीने ती ओल क्षणात पिऊन टाकली.

"इकडे लावलं नाहीत?"

"मागून कोण बघणार?" संचालक म्हणाले.

बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "बादलीभर पाणी आणा."

पहारेकरी हललासुद्धा. पण जतन विभागातली मुलगी मध्ये आली. रेझिन तिनेच लावलं होतं आणि ती खरं बोलणारी होती. "बाई, मागून पाणी दिलंत तर ओल पुढे सरकेल. रेझिनचा थर फुगेल आणि दोन-तीन वर्षांत गळून पडेल. त्या हातासकट."

"नाही," भाची म्हणाली. "मावशी, अजिबात नाही."

"दाखल्यावर पुढची बाजू कोणती, ते कलाकार लिहितो ना? मग लिहून घ्या. पुढची बाजू ही."

"अहो, पण दार तिकडे आहे!" संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. "पाहुणे तासाभरात येतील!"

"माल आणायच्या दाराने आत घ्या त्यांना. भिंतही तिथूनच आली असेल. आणि सही नको असेल तर तसं सांगा. अकरा ढेकळं आहेत तुमच्याकडे, चांगली चकचकीत."

"तुला तुझी कलाच मोठी," भाचीचा आवाज चिरकला. "माझी आई तेवढीच उरली आहे."

"माझी बहीणही तेवढीच उरली आहे, बाळ." बाई तिच्याकडे वळल्या. "पण तुझी आई रोज सकाळी येऊन आधी काय करायची? कालचा स्वतःचा हात पुसायची. नऊ हजारांवर हात पुसले तिने. हा एक राहिला, कारण दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. तिने तो ठेवलेला नाही गं. तो तिचा पुसायचा राहिला आहे."

भाची पुढच्या बाजूला निघून गेली आणि बराच वेळ आली नाही. संचालकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा त्यांची हिंमत झाली नाही. पहारेकऱ्याने बादली आणून ठेवली.

भाची आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि राग तसाच होता. तिने बाही वर केली, बादलीत हात बुडवला.

"किती दाबायचं?"

"तुझ्या आईला मी कधी सांगितलं नव्हतं."

तिने तळवा टेकवला आणि सगळ्या रागाने दाबला. माती मऊ झाली, बोटांमधून वर आली. दालनात ओल्या मातीचा वास पसरला. हात काढल्यावर तिने त्या ठशाकडे पाहिलं.

"उद्या येऊन हा मीच पुसणार," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

बाईंनी ठशाच्या कडेची ओली माती बोटांनी सारखी केली, चिखलाच्या हातानेच दाखल्यावर सही केली आणि संचालकांना माल आणायचं दार उघडायला लावलं.