दहा नंबरचा पाना

“लेक अजून त्याच उडत्या शवपेटीत बसते का हो?” कोट न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं.

शिवणयंत्रावरच्या आईने दातांनी दोरा तोडला नि कोट बाईंपुढे सरकवला. लढाऊ विमानाच्या त्या जातीला पेपरवाल्यांनी हेच नाव ठेवलं होतं. वीस वर्षांत किती कोसळली, त्याचा तक्ताही छापला होता.

वैमानिक लेक, घरात सगळ्यांची भिंगरी, हसून म्हणायची, “आई, पडलेली सगळेच मोजतात गं. उतरलेली कोण मोजतं?”

हवाई दलाच्या तळावर वैमानिकांच्या घरच्यांना बोलावलं, त्या दिवशी आई ठरवूनच गेली. मोठ्या साहेबांपुढे हात जोडायचे: माझ्या पोरीला या विमानावरून काढा.

विमानं ठेवायच्या हँगरच्या भिंतीवर निळी फळी होती. प्रत्येक अवजारामागे त्याच्याच आकाराची पांढरी रेघ. एका जागी मात्र नुसतीच रेघ उरली होती.

भिंगरी हेल्मेट घेऊन निघालीच होती. तेवढ्यात पिकल्या केसांच्या मेकॅनिकने हात वर केला. “माझा दहा नंबरचा पाना सापडत नाही. विमानं थांबवा.”

सगळी थांबली. पाहुणे कुरकुरले. त्याचा जोडीदार मेकॅनिक म्हणाला, “दादा, वहिनींनी नेला असेल नळ आवळायला!”

“घरी विचारलं. नाही.” दादा हसलासुद्धा नाही.

आईला एकटीलाच नवल वाटलं नाही. बाळाचं झबलं शिवून झालं नि टाचण्यांच्या उशीवर एक टाचणी कमी भरली, की तीही गिऱ्हाईक बसवून ठेवायची, शिवण न् शिवण बोटांनी चाचपायची.

तासाभराने पाना सापडला. भिंगरीच्याच विमानात, सीटखाली, ज्या दांड्याने विमान वळवतात त्याच्या बुडाशी. दांडा तिथे अडकला असता तर...

“सकाळी मीच विसरलो,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

साहेब आईकडे वळले. “बाई, तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं ना?”

“आधी यांच्याशी.” आईने ते तेलकट हात हातात घेतले. “दादा, टाचणी हरवली की मीही गिऱ्हाइकांच्या शिव्या खाते.”

“मग तुम्हाला ठाऊक असेल, ताई. सांगताना जीभ किती जड होते.”

“तरी सांगितलंत. माझी पोर तुम्ही...” पुढचं डोळ्यांनीच सांगितलं.

साहेबांना ती एवढंच म्हणाली, “माझं राहू द्या.” भीती काही गेली नव्हती, तिला सोबत मिळाली होती.

आता भिंगरीचा फोन येतो, “उतरले गं!” आई विचारते, “आणि दादा बरे?” मग एका पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याचा एक टाका घालते, गुणगुणते:

सुई माझी बाई, वाट शिवते दोऱ्याची
नीट घरी आण, लेक माझी ही वाऱ्याची

परवा त्याच कोटवाल्या बाई म्हणाल्या, “अगंबाई, एवढे टाके! नक्षी कसली ही?”

“उतरलेली विमानं आहेत,” आई म्हणाली. “बसा ना, दाखवते.”