हरणाचा नमस्कार

राष्ट्रीय उद्यानातल्या तंबूंच्या मैदानावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रानातले प्राणी बघायला आलेली शहाणीसुरती माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून, तिथे मुक्कामाला आलेल्या एका महाराजांपुढे मांडी घालून बसली होती. झाडीतून एक हरण आलं आणि महाराजांच्या पाटासमोर त्यानं मान थेट मातीपर्यंत झुकवली. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"मुक्या जिवाला कळतं, माणसाला कळत नाही," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ही माती जिभेवर ठेवा. आधी औषधं सोडा, मग रोग तुम्हाला सोडेल."

वीस वर्षं याच रानात गस्त घालणाऱ्या वनरक्षक बाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. माती घ्यायला सर्वांत पुढे त्यांची वहिनीच होती, कडेवर लेकीला घेऊन. पोरीला आकडी यायची, आणि महाराजांच्या सांगण्यावरून दोन दिवस तिच्या गोळ्या बंद होत्या.

"वहिनी, गोळी दे तिला."

"वन्सं, हरण खोटं बोलेल का?"

"हरण कुठे बोलतंय? बोलतोय तो पाटावरचा."

बाईंनी पुढे होऊन चिमूटभर माती नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

महाराज हसले. "अविश्वासाचा वास येतोय तुला, बाई."

"वास येतोय खरा, पण अविश्वासाचा नाही." बाई लोकांकडे वळल्या. "दुर्बिणी लावा जरा. तिकडे, संडासाच्या मागच्या भिंतीखाली बघा."

आत जायचा कंटाळा करणारे पुरुष त्या भिंतीचाच आडोसा धरत. तिथे दोन हरणं माना झुकवून उभी होती. दुर्बिणीतून त्यांच्या जिभाही दिसत होत्या.

"ही कुणाच्या पाया पडतायत? तिथे कोणते महाराज बसतात?" बाईंनी विचारलं. "तंबूपाशी लघवी करू नका, असं आल्या दिवशी सांगते ना मी? रानात मिठाचा तुटवडा. त्या खारटपणासाठी हरणं माती चाटतात."

सगळ्यांच्या नजरा पाटाशेजारी माती वाटणाऱ्या, महाराजांच्या टकल्या शिष्याकडे गेल्या. तो खाली बघत पुटपुटला, "पहाटे पाटासमोर... महाराजांनीच सांगितलेलं."

कुणी थुंकायला धावलं, कुणी तिथेच ओकलं. महाराज मात्र डोळे उघडायला तयार नव्हते.

वहिनीनं पोरीचं तोंड तीनदा धुतलं. मग पिशवीतली गोळी काढून तिला दिली.

"मी देवाला मानते, म्हणून ऐकलं हो, वन्सं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मान की. मीही मानते. गाऊन आळव, रडून आळव. पण लेकराचं औषध बंद करायला देव कधी सांगत नाही. तसं सांगणारा माणूसच असतो, आणि माणसाचं म्हणणं तपासून घ्यायलाच देवानं आपल्याला डोकं दिलंय."