भरतीसाठी दोन दाबा

भार्गवीच्या घरचा सरकारी फोन पावसाळ्यात मेला आणि दिवाळीपर्यंत मेलेलाच राहिला. खाऱ्या वाऱ्यानं तार खाल्ली, हे लाइनमन दर खेपेला नवा शोध लावल्यासारखं सांगून जायचा. नागावच्या वाडीतल्या चार खोल्या पर्यटकांना देऊन तिनं धंदा उभा केला होता. नवरा अजेय मुंबईच्या ऑफिसातून शनिवारी यायचा. फोन नाही म्हणजे बुकिंग नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण त्या फोनवर बुकिंगपेक्षा मोठी एक जबाबदारी होती. घरापासून दहा मिनिटांवर वाळूचा एक लांब दांडा समुद्रात शिरतो. ओहोटीला तो उघडा पडतो आणि त्यावरून अर्धा तास चाललं की खडकावरच्या देवीच्या देवळापाशी पोचता येतं. भरती लागली की दांडा मधोमध बुडतो, आणि तोही पाठीमागे, माणसाचं लक्ष पुढे असताना. वीस वर्षांपूर्वी कॉलेजची दोन मुलं तिथं बुडून गेली, तेव्हा भार्गवीच्या सासऱ्यांनी, मार्तंड मास्तरांनी, पदरमोड करून पाटी लावली: भरतीची वेळ विचारल्याशिवाय दांड्यावर उतरू नये. खाली घरचा नंबर.

तेव्हापासून मास्तर, म्हणजे घरातले अण्णा, ओटीवर पंचांग घेऊन बसत आणि विचारेल त्याला वेळ सांगत. हिशेब सोपा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, समुद्राला फरक पडत नाही. भरतीच्या तीन तास आधी दांड्यावरून परत यायचं. त्यांच्या शब्दावर गेलेला माणूस वीस वर्षांत कधी अडकला नव्हता.

म्हणून नवं कनेक्शन घ्यायची वेळ आली तेव्हा अण्णांनी एकच अट घातली, नंबर बदलता कामा नये. केबलवाल्या परेशनं दोन प्लॅन समोर ठेवले. नंबर दोन्हीत तोच राहणार होता, इंटरनेटही दोन्हीत पळणार होतं. साध्या प्लॅनमध्ये फोन वाजला की आपण उचलायचा. मोठ्या प्लॅनमध्ये यंत्रच उचलणार, एका वेळी चार जणांशी बोलणार, बुकिंगसाठी एक दाबा म्हणणार आणि भरतीसाठी दोन. अण्णा म्हणाले, साधा घे, उचलायला मी आहे की.

भार्गवीची खरी पंचाईत तीच होती. अण्णा पुण्याच्या एखाद्या कुटुंबाला भरतीबरोबर देवीची सगळी कथा ऐकवत, तोवर तीन गिऱ्हाइकं शेजारच्या वाडीत खोली घेऊन मोकळी होत. तिनं मोठा प्लॅन घेतला. परेश तर खूशच होता. असल्या माणसाला कुणी मोठं काही घेतलं की लगेच आपण समाजसेवा केल्यासारखं वाटतं.

अण्णा रुसले नाहीत. उलट त्यांनीच युक्ती काढली. तिथ्या पंधरा, म्हणून त्यांच्या आवाजात पंधरा निरोप भरले. यंत्रानं रोज पुढचा निरोप वाजवायचा, पंधरा झाले की पुन्हा पहिल्यापासून. नमस्कार, मी मार्तंड मास्तर बोलतोय. आज अमुक तिथी. भरती इतक्या वाजता. इतक्याच्या आत दांड्यावरून परत या. परेश म्हणाला, आता वर्षानुवर्षं बघायला नको. अण्णांनी मान हलवली. चंद्र काही यंत्राच्या तालावर चालत नाही, त्याला अधूनमधून सावरून घ्यावं लागेल, असं ते म्हणाले. पहिल्याच महिन्यात एका तिथीचा क्षय आला, म्हणजे ती तिथी गळलीच, तेव्हा त्यांनी भार्गवीकडून मोबाइलवर एक निरोप गाळून घेतला. तिला ते चटकन जमलं.

डिसेंबरच्या अखेरीला नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. अण्णांनी त्यावरून वर्षभराच्या तारखा एका कागदावर उतरवून दिल्या. वर लिहिलं होतं, क्षय तिथी, या दिवशी एक निरोप गाळणे. त्या दिवशी चारही खोल्या भरलेल्या होत्या. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं तो शिवानीच्या, म्हणजे तिच्या दहा वर्षांच्या मुलीच्या, गोंदानं इंटरनेटच्या डब्याशेजारी भिंतीला घट्ट चिकटवून टाकला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णा गेले. दुपारी जेवून ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आवाज मात्र राहिला. तेरावा झाल्यावर कितीतरी दिवस गावातली माणसं उगाच फोन करून दोन दाबायची. भार्गवीही दाबायची, दुपारी घर सुनं झालं की. निरोप बदलावा असं अजेय एकदा म्हणाला तर तिला रडू फुटलं. ती कागदाप्रमाणे काम करत होती. ठरलेल्या तारखेला एक निरोप गाळायचा आणि पेन्सिलनं बरोबरची खूण करायची. एवढं तरी आपण अण्णांसाठी चोख करतो, याचा तिला अभिमान वाटत होता.

शिमग्याच्या सुमाराला थळची आवडाबाई मासळी घेऊन आली. तिनं टोपली ओटीवर टेकवली आणि बराच वेळ दारातून आत, इंटरनेटच्या डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडं बघत राहिली.

"तुजा सासरा चुकाय लागलाय, पोरी," ती म्हणाली. "पानी आदी येतं, आन् तो मागनं सांगतो. पाऊन तासाचा फरक हाय."

भार्गवीला ते झोंबलं. गेलेल्या माणसाला कुणी असं बोलतं का? ती आत जाऊन कागद बघून आली. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. अण्णा वीस वर्षांत चुकले नाहीत, ते आता कसे चुकतील, असं तिनं जरा फणकाऱ्यानंच ऐकवलं. आवडाबाई वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिनं बांगडे मोजून दिले आणि उठताना म्हणाली, "मी न्हाय चुकायची. ज्येला ठावं न्हाय त्येचं काय?"

त्यानंतर भार्गवीला एक-दोनदा वाटलं, कॅलेंडर काढून पडताळून बघावं. पण एप्रिल लागला, सुट्ट्या लागल्या, आणि खोल्यांच्या चादरी वाळायच्या आत नवी माणसं दारात उभी राहू लागली. राहून गेलं.

मे महिन्यात ठाण्याचं एक जोडपं उतरलं होतं, वरद आणि सोनल. शिवानीला त्यांनी दोन दिवसांत लळा लावला. त्या सकाळी त्यांना देवळात जायचं होतं. वरदनं रीतसर फोन लावला, दोन दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. भरती साडेचारला, दीडच्या आत परत या. शिवानी वाट दाखवायला निघाली. दहा वाजता तिघं दांड्यावर उतरली. वाळू ओली पण उघडी होती. भार्गवीनं त्यांच्याबरोबर डब्यात थालीपीठं दिली आणि सावकाश या म्हणाली.

पावणेबाराला ती साबुदाणा धूत होती. उद्या संकष्टी, आजच भिजत घालायला हवा होता. ओटीवर नुकत्याच आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी फोन लावला असावा, कारण अण्णांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. नमस्कार, मी मार्तंड मास्तर बोलतोय. आज षष्ठी.

तिचे हात पाण्यात तसेच थांबले. संकष्टी उद्या. उद्या चतुर्थी. मग आज षष्ठी कुठली? आज तृतीया. तृतीयेला भरती सव्वादोनला. सव्वाअकराच्या आत परतायला हवं होतं, आणि सव्वाअकरा केव्हाच वाजून गेले होते.

ओल्या हातानंच तिनं वरदचा मोबाइल लावला. तो दुसऱ्या कॉलवर होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सोनलचा फोन खोलीतच चार्जिंगला लावलेला होता. मग ती धावत सुटली. आवडाबाईचा मुलगा गणराज किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं तिचा चेहरा पाहिला, समुद्राकडं पाहिलं आणि दोघांना हाक मारून होडी पाण्यात लोटली. भार्गवी किनाऱ्यावर उभी राहिली. दांडा कुठं होता ते आता ओळखूही येत नव्हतं. तिनं देवीला, अण्णांना, सगळ्यांना विनवून पाहिलं.

होडी पाऊण वाजता देवळाला लागली. देवळाच्या चौथऱ्यावर सोनल होती आणि तिच्या कुशीत शिवानी. वरद नव्हता. बारा वाजून गेल्यावर पाणी चौथऱ्याच्या पायऱ्यांशी आलं, तेव्हा पलीकडून माणसं घेऊन येतो म्हणून तो बुडालेल्या दांड्यावरून अंदाजानं चालत निघाला होता. मधल्या घळीपर्यंत तो त्यांना दिसत होता.

तिसऱ्या दिवशी तो रेवदंड्याच्या बाजूला सापडला.

त्या संध्याकाळी शिवानी पहिल्यांदा बोलली. ओटीवर पोलिसांनी विचारपूस संपवली होती, सोनलची माणसं तिला घेऊन गेली होती. भार्गवी डब्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. शिवानी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. तिला तोंडपाठ होता तो एकच नंबर, घरचा.

"काका साडेअकरालाच म्हणाले, पाणी वाढतंय, निघू या," ती म्हणाली. "मी म्हटलं, थांबा, घरी विचारते. त्यांच्या फोनवरून तीनदा लावला. तीनही वेळा आजोबा म्हणाले, दीड वाजेपर्यंत. म्हणून मीच त्यांना जाऊ दिलं नाही."

म्हणजे आपण वरदला लावत होतो तेव्हा तो फोन आपल्याच घरी लागलेला होता. भार्गवी उठली आणि तिनं डब्याची वायर उपटली. हिरवा दिवा विझला. मग तिनं भिंतीवरचा कागद नखांनी खरवडून काढायला घेतला. त्याच्याकडं बघवत नव्हतं. गोंद पक्का होता, एक कोपरा फाटला, पण बाकीचा सलग निघाला.

कागद पाठीमागेही लिहिलेला होता. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसानं कागदाची एक बाजू कोरी सोडणं शक्यच नव्हतं. भिंतीचा चुना लागलेल्या त्या बाजूवर अण्णांचं अक्षर तितकंच सुबक होतं. वृद्धी तिथी, म्हणजे एकच तिथी दोन दिवस. या दिवशी निरोप पुढे जाऊ न देणे, आदल्या दिवशीचाच ठेवणे. खाली वर्षभराच्या तारखा. त्यातल्या तीन होऊन गेल्या होत्या. तीन दिवस, म्हणजे सव्वादोन तास.

"आई, आजोबा चुकले का गं?" शिवानीनं विचारलं.

भार्गवीनं तिला जवळ ओढलं. कागद तिच्या मुठीत चुरगळला.

"नाही," ती म्हणाली. "ते नाही चुकले. तूही नाही. मी चुकले, बाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंचांग घेऊन दांड्याच्या पाटीपाशी जाऊन बसली. ऊन चढल्यावर आवडाबाई आली आणि टोपली खाली ठेवून तिच्या शेजारी टेकली.