एकतिसावी खेप

"साहेब, आज नको," सुतार दारातच म्हणाला. "चार वाजता टेम्पो येणार. अजून शंभर दांडे घासायचे राहिलेत."

माझ्या मागे बारा पाहुणे उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र. आमच्या प्रादेशिक विकास मंडळाने छोट्या धंद्यांसाठी बावीस वर्षं मेळावे घेतले, पुस्तिका छापल्या. पण दाखवण्याजोगं यश हे एवढंच. मंडळाच्या अनुदानातून या सुताराने लेथ घेतला आणि हातोड्या-कुदळींचे दांडे करू लागला. तेव्हापासून पाहुणा कुठलाही असो, मी त्याला इथेच आणतो. या वर्षातली ही एकतिसावी खेप. सुताराचा धंदा वाढला तो कसा, हे सगळ्यांना सांगता सांगता धंदा करायला त्याला वेळच उरला नव्हता.

"दहाच मिनिटं," मी म्हणालो. माझी दहा मिनिटं किती लांबतात ते त्याला पाठ होतं.

"मागच्या दहा मिनिटांपायी माल दोन दिवस उशिरा गेला. दुकानदार म्हणालाय, आज चुकलं तर दुसरीकडून घेईन. मग दाखवा यांना बंद पडलेला लेथ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्याची बायको हात पुसत बाहेर आली.

"धंदा जवळून बघायचाय ना?" तिने प्रत्येकाच्या हातात एक दांडा आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवला. "बसा मग. लाकडाच्या रेषेने घासायचं. आडवं घासलंत तर परत करायला लावीन."

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी हौसेने बाह्या सरसावल्या. एकाने वही काढून विचारलं, "आपलं पाच वर्षांचं उद्दिष्ट काय?"

"चार वाजायच्या आत हे संपवायचं," ती म्हणाली. त्याने ते लिहून घेतलं.

मीही बसलो. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकलेला माणूस मी. पहिल्या दांड्यातच बोटं सोलवटली. सुतार प्रत्येक दांड्यावर तळवा फिरवायचा. बरा वाटला तर पेटीत, नाहीतर परत. माझा परत आला. दुसऱ्यांदाही आला.

"साहेब, हा अहवाल नाही," त्याची बायको म्हणाली. "लोकांच्या हातात जाणार आहे."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा शेवटच्या पेटीत एकाच दांड्याची जागा उरली होती, आणि तो दांडा माझ्याकडे होता. सुताराने तो घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश तळवा फिरवला. बढतीच्या मुलाखतीतही माझ्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं. दांडा आत ठेवून त्याने झाकणाला खिळे ठोकले.

"ही पेटी कुठे जाणार?" मी विचारलं.

"दुकानात. तिथून कोणीही घेईल."

बावीस वर्षांत माझ्या हातून घडलेली, कुणाच्या तरी कामाला येणारी ही पहिलीच वस्तू. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्यात उभा राहिलो. पाहुणे केव्हाचे बसमध्ये जाऊन बसले होते.