सगळ्यांचीच स्लाइड गुलाबी

वर्गात तिला सगळे ‘टेप’ म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. पेशीची रचना विचारा, जिवाणूंची वाढ विचारा, बटण दाबल्यासारखी ती सुरू होई आणि पुस्तकातला स्वल्पविरामही न गाळता शेवटपर्यंत जाई. पंचाईत एवढीच, की मध्ये कुणी थांबवलं तर तिला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागे. लेखी परीक्षेत हे खपून जातं, कारण कागद मध्ये बोलत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक बोलतात, त्यांना पगारच त्याचा मिळतो.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी, असा कॉलेजचा नियम. नाव कमी झालं तर काय करायचं, तेही घरात ठरून गेलं होतं. मामांचं औषधांचं दुकान होतं आणि गल्ल्यावर त्यांना विश्वासाचं माणूस हवं होतं. मामा स्वभावाने मऊ. “औषधंच आहेत की, तुझ्याच विषयातली,” असं ते समजावून सांगत आणि तिला रडू फुटायचं. तिला औषधांच्या खोक्यांवरची किंमत वाचायची नव्हती. त्या औषधाने जंतू नेमका कशाने मरतो, ते तिला शिकायचं होतं. पण दोनदा आपटलेल्या मुलीने असं काही बोललं की लोक हसतात, म्हणून ती मूग गिळून बसली होती.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो जेवायला बसला की ही समोर बसून घोकायची, आणि ताट सोडून उठता येत नाही म्हणून बिचारा ऐकायचा. एकदा मात्र हातातला घास हातातच ठेवून त्याने विचारलं, “हे सगळं ठीक आहे गं, पण यातलं एखादं काढून टाकलं तर काय बंद पडतं?”

त्याच्या धंद्यात नव्या माणसाला यंत्र असंच शिकवत. एक भाग काढून बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, सांग, आता लिफ्ट काय करेल? दार उघडणार नाही, की दोन मजल्यांच्या मध्येच अडकेल? ज्याला हे सांगता येतं त्याला लिफ्ट कळली, बाकीचे नुसती नावं पाठ केलेले.

टेपला राग आला. पुस्तकात असं काही काढून टाकत नसतात, असं तिने त्याला सुनावलं. सुनावलं खरं, पण प्रश्न काही तिचा पिच्छा सोडेना. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसून तिने जिवाणूची भिंत काढून बघितली, म्हणजे मनातल्या मनात. भिंत नाही, तर बाहेरचं पाणी आत शिरणार. शिरतच राहणार. जंतू फुगणार आणि फुटणार. मग तिच्या लक्षात आलं, की पेनिसिलिन दुसरं काय करतं? भिंत बांधू देत नाही. आणि आपल्या पेशींना असली भिंतच नाही, म्हणून आपण ते औषध घेऊन जिवंत राहतो. तीन वर्षं पाठ असलेला परिच्छेद तिला त्या बाकावर बसल्या बसल्या कळला. ती इतक्या जोरात हसली की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

त्यानंतर भावाबहिणीला ते वेडच लागलं. दादा रोज काहीतरी काढी आणि ती काय बंद पडेल ते सांगे. सांगता आलं नाही तर ती पुस्तक उघडी, आणि आता पुस्तकातलं वाक्य तिला नुसतं वाक्य वाटत नसे. आई म्हणाली, या घरात जेवताना शांतता म्हणून राहिली नाही. पण तिने टीव्हीचा आवाज स्वतःच कमी केला होता.

ग्रॅमची रंगक्रिया तर त्यांनी पार उलटीपालटी करून सोडली. काचेच्या पट्टीवर जंतू पसरायचे. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी गुलाबी रंग. जाड भिंतीचे जंतू जांभळे राहतात. पातळ भिंतीचे धुतले जातात आणि मागून गुलाबी होतात. आयोडीन काढलं तर, असं दादाने विचारलं, तेव्हा तिने वहीत भिंतीचं चित्र काढलं. मग म्हणाली, आयोडीन जांभळ्या रंगाचे मोठे गठ्ठे बांधतं, म्हणून ते जाड भिंतीत अडकून राहतात. ते नसेल तर अल्कोहोल सगळाच रंग काढून नेईल. जाड काय नि पातळ काय, सगळे गुलाबीच दिसतील.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक उंच, कपाळावर कायमची आठी, आणि त्यांच्या हातून पास झालेला माणूस कुणी पाहिला नव्हता असं मुलं सांगत. प्रत्येकाला वेगवेगळ्या जंतूंची एकेक नळी मिळाली. जंतू जाड भिंतीचा की पातळ, हे रंगवून ओळखायचं आणि मग या परीक्षक सरांसमोर उभं राहायचं.

टेपला एक सवय लागली होती. स्लाइडच्या एका कोपऱ्यात ती स्वतःच्या हिरडीवरचा मळ स्वच्छ काडीने घेऊन पसरी. तोंडात जाड भिंतीचे गोल जंतू असतातच, त्यामुळे ते जांभळे दिसले की आपली रंगक्रिया नीट झाली असं समजायचं. मुलं तिला हसत. या बाईला परीक्षेतही दात घासायचे असतात, असं म्हणत. तिने त्या दिवशीही तेच केलं, चारही द्रव घातले, स्लाइड धुतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

नळीतले जंतू गुलाबी होते. हिरडीवरचेही गुलाबी.

तिने आजूबाजूला बघितलं. डावीकडच्या मुलीने ओठांनीच ‘गुलाबी’ म्हणून सांगितलं. उजवीकडचा मुलगाही गुलाबीच लिहीत होता. पहिल्या रांगेतली दोघं सरांकडून पडलेल्या चेहऱ्याने परतली होती आणि त्यांच्याही वहीत गुलाबीच होतं. नळ्या वेगळ्या, जंतू वेगळे, मग रंग सगळ्यांचा एक कसा? तिने आयोडीनची बाटली बघितली. काच गडद तपकिरी, आतलं काही दिसेना. ड्रॉपरने थेंब काढला तर तो चहासारखा तपकिरी हवा, पण धुवून काढल्यासारखा फिका होता.

आता गप्प बसणं सोपं होतं. सगळ्यांनी लिहिलं तेच लिहायचं, शहाण्यासारखं घरी जायचं. बोलायचं म्हणजे कॉलेजच्या बाटलीवर बोट ठेवायचं, तेही शेवटच्या संधीला, वर्गाला शिकवणाऱ्या मॅडम आणि परीक्षक दोघांसमोर. चुकलं तर दुकानाचा गल्ला ठरलेलाच. तरी ती उठली आणि सरांसमोर जाऊन म्हणाली की आयोडीन खराब झालंय.

सरांनी मान वर केली. “बॅचमधल्या सगळ्यांचं चुकलं, आणि तुझं एकटीचं बरोबर?”

“माझंही चुकलंय सर. माझीही स्लाइड गुलाबीच आहे.”

हे उत्तर सरांना अपेक्षित नसावं. त्यांनी कारण विचारलं. तिने सुरुवात केली, आणि त्यांनी दुसऱ्याच वाक्याला अडवलं. हिरडीचे जंतू कशावरून जांभळेच असणार, म्हणून विचारलं. तिने सांगितलं आणि जिथे थांबली होती तिथून पुढे गेली. त्यांनी पुन्हा अडवलं, पुन्हा ती पुढे गेली. मॅडमचे डोळे विस्फारले होते, त्यांनी ही टेप दोन वर्षं ऐकली होती.

“बाटली खराब आहे हे दाखवता येईल?” सरांनी विचारलं.

दुसऱ्या प्रयोगासाठी ठेवलेली स्टार्चची पेट्री डिश टेबलावरच होती. स्टार्चवर आयोडीन पडलं की ते काळंनिळं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिने एक थेंब टाकला. सगळी खोली माना उंचावून बघू लागली. डिश होती तशी पांढरीच राहिली. मॅडमनी कपाटातून नवी सीलबंद बाटली काढली आणि त्यातला थेंब शेजारी टाकला. तो पडता क्षणी शाई सांडल्यासारखा काळा झाला.

खोलीत एकच कुजबुज उठली. पहिल्या रांगेतल्या मुलाने तर बाकावर हात आपटला. सरांनी सगळ्यांच्या वह्या परत दिल्या, आधीचे गुण खोडले आणि नव्या आयोडीनने सगळ्यांना पुन्हा रंगवायला लावलं. पहिल्या रांगेत पाठोपाठ जांभळं दिसू लागलं. पोरं एकमेकांना ओढून आपापल्या सूक्ष्मदर्शकाशी नेत होती आणि सर चक्क बघून न बघितल्यासारखं करत होते.

टेपच्या स्लाइडवर हिरडीचे जंतू गर्द जांभळे आले. नळीतले मात्र गुलाबीच राहिले. सरांनी स्वतः डोळा लावला, यादीत तिच्या नळीचा क्रमांक शोधला आणि खुर्चीत मागे रेलले.

“तुझा जंतू मुळातच पातळ भिंतीचा आहे,” ते म्हणाले. “पहिल्यांदा गुलाबी लिहून गप्प बसली असतीस तरी पास होतीस.”

तिला हसू आलं, आणि ते तिने दाबलं नाही. “पास झाले असते सर. पण तो खरंच गुलाबी आहे हे मला कळलं नसतं.”

सरांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी गुण लिहिले, कागद मॅडमकडे सरकवला, आणि मॅडमनी तो वाचून तिचा हात घट्ट दाबला. त्या बॅचमध्ये तेवढे गुण दुसऱ्या कुणाला नव्हते. बाहेर व्हरांड्यात सगळी बॅच तिची वाट बघत उभी होती, आणि दारातून ती दिसताच असा काही गलका झाला की शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना बाहेर यावं लागलं. तिला रडू येत होतं आणि ते कुणापासून लपवावंसं वाटत नव्हतं.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. जंतूचं, बाटलीचं, आणि औषधाने जंतू कसा मरतो ते आपल्याला पुढे शिकायचंय, हेही. आईला निम्मं कळलं असेल. तिने ओले हात पदराला पुसले आणि आपल्या भावाला, मामांना, फोन लावला. गल्ल्यावर दुसरं माणूस बघ, म्हणाली. आमची शिकतेय.