पितळेचं कोंदण

"पितळेला कुणी कोंदण करतं का? उद्या म्हणतील, कढईला नथ घाला."

गुणाजीशेट हे स्वतःशीच पुटपुटले. पण गोदूबाई त्यांच्या पाठीशीच पोत ओवत बसली होती, तिला शब्दन् शब्द ऐकू गेला. नवरा कुरकुरतोय म्हणजे काम मनात भरलंय, एवढं वीस वर्षांच्या संसारात तिला कळलेलं होतं.

काम होतंच तसं. ठाण्याला नौपाड्यात राहणारे महिपतराव कर्णिक सकाळच्या आगगाडीने कल्याणला उतरले होते. हे छबी काढणारे गृहस्थ. गड्याच्या डोक्यावर यंत्राची लाकडी पेटी आणि स्वतःच्या कुशीत, तान्ह्या मुलासारखी, रुमालात गुंडाळलेली पितळी नळी. विलायतेला परत निघालेल्या एका पाद्र्याकडून घेतलेली, तीस वर्षं जुनी. ती बैलगाडीतून पडली, आतलं भिंग धरून ठेवणारी पितळेची कड उलगडली आणि काच खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. मुंबईत विचारलं तर विलायतेला पाठवा म्हणाले, सहा महिने लागतील. आणि परवा ठाण्याच्या कचेरीतली बत्तीस माणसं दोन रांगांत बसून छबी काढून घेणार होती. शेवटी कुणीतरी सुचवलं, काच म्हणजे मोठा खडाच की, कल्याणच्या गुणाजी सोनाराकडे न्या.

गुणाजीने बसवलेला खडा नातसुनेच्या लग्नापर्यंत हलत नाही, असं पारनाक्यावर म्हणत. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते अगदी खरं होतं. मग शेटच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून शेट पुढे बसून गिऱ्हाइकाशी बोलत, सोनं बोटांत चोळून त्याची जात सांगत आणि "हे जरा बघ" म्हणून दागिना आत देत. गोदूबाई "बघते" म्हणे. दाराआड बसून तिने किती कुड्या, किती नथी बसवल्या, ते तिच्या बोटांनाच ठाऊक. गावाला कळलं नसेल असं नाही, कल्याणात काय लपतं? पण बोलायचं कुणी? डोळ्यांनी अधू सोनाराच्या हाती सोनं कोण देईल, आणि बायकोच्या हातचं कोंदण कोण मिरवील? घरातसुद्धा त्या दोन शब्दांपलीकडे कधी बोलणं गेलं नव्हतं.

आज मात्र शेट "हे जरा बघ" म्हणाले नाहीत. पितळ हाताला लागलं आणि जुनी ईर्षा जागी झाली. त्यांनी काच चाचपली. एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट. खड्याचं पोट नेहमी वर, तशी फुगीर बाजू बाहेर ठेवून त्यांनी काच बसवली आणि गोल फिरवत कड दाबत नेली. नुसत्या बोटांच्या आठवणीवर. कड अशी बसली की जणू ओतीव. माणसाचे डोळे गेले तरी हात जात नाहीत, हे गोदूबाईला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं.

महिपतरावांनी पडवीत पेटी मांडली, तोंड समोरच्या देवळाकडे केलं, डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेत पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, शेट, तुम्हीच बघा.

शेट कापडात शिरले आणि क्षणभराने बाहेर आले. "वा! देऊळ कसं लख्ख दिसतंय."

महिपतराव आपल्या जोड्यांकडे बघत राहिले. हे काय चाललंय ते गोदूबाईला उमजेना. तिने नवऱ्यालाच विचारलं, मी बघितलं तर चालेल का. परक्या पुरुषाच्या कापडात बाईमाणूस, पण महिपतरावांनीच कापड उचलून धरलं आणि तोंड फिरवून उभे राहिले.

आत देऊळ उलटं लटकत होतं. कळस खाली, पायऱ्या वर, आणि पिंपळ आभाळातून लोंबकळणारा. मधला गाभारा स्वच्छ, पण कडेचं सगळं पाण्याने पुसलेल्या रांगोळीसारखं. ती दचकली ती त्या कडांमुळे नव्हे. पहिल्यांदा आत डोकावणारा कुणीही आधी हेच म्हणेल, अरे, हे उलटं दिसतंय. शेट तसं म्हणाले नव्हते; त्यांना काहीच दिसलं नव्हतं, आणि हे महिपतरावांनाही कळलं होतं.

बाहेर येऊन तिने नवऱ्याकरवी एवढंच विचारलं, काच समोरून पुसताना फडकं कसं फिरायचं? महिपतराव आठवून म्हणाले, खोलात जायचं, वाटी पुसावी तसं.

"म्हणजे पोट आत होतं," ती म्हणाली. "खडा असता तर मीही अस्संच बसवलं असतं." हे खोटं नव्हतं. कुठल्याही सोनाराने असंच केलं असतं.

आता तीच कड पुन्हा उघडायची. वाकवलेलं पितळ परत वाकवलं तर तडकतं, आणि विस्तवावर नरम करावं तर भिंग म्हणजे डिंकाने जोडलेल्या दोन काचा, त्या सुटतील. शेटनी सळई लावली. ती घसरली आणि काचेवर टिच्चकन वाजली. ओरखडा उठला नाही, पण शेटचा हात थांबला. मग त्यांनी नळी मागे धरली. "हे जरा बघ."

दाराआड एवढ्या कामाला पुरेल असा उजेड नव्हता. गोदूबाई पदर खोचून पडवीतच, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, नवऱ्याच्या पाटावर बसली. करंजीची मुरड उलटी सोडवावी तशी तिने ती कड केसाकेसाने उठवली. एकाच जागी जोर लावायचा नाही, फिरत राहायचं. काच उलटली, पुसली, बसवली आणि पुन्हा तशीच मुरड घालत आली. तास गेला. पितळ कुठेही तडकलं नाही. तिने नळी कानाशी हलवून पाहिली. चूप. आयुष्यात एवढा मोठा खडा तिने बसवला नव्हता, आणि आपण तो बसवलाय हे तिच्या मानेच्या ताठपणात दिसत होतं.

महिपतराव कापडात बराच वेळ राहिले. बाहेर आले ते हसत. पार कडेच्या पायरीची चीर दिसतेय म्हणाले, आता कचेरीतला कडेचा कारकूनही भांडायला येणार नाही. मग सवयीने शेटकडे वळले.

"गुणाजीशेट, तुमच्या हाताला तोड नाही."

तासभर समोर बसून सगळं पाहिलेल्या माणसाने हे म्हणावं, याला सभ्यपणा म्हणतात. गोदूबाईने रिवाजाप्रमाणे मान खाली घातली आणि हत्यारं गोळा करायला लागली.

शेटनी महिपतरावांच्या आवाजाच्या रोखाने तोंड वर केलं.

"महिपतराव, हात तिचा आहे. आजचाही आणि गेल्या तीन वर्षांतलाही. मला दिसत नाही."