टिटवीची राखण

आमच्या साखऱ्यात पावसाचा अंदाज मोबाइलवर येतो. तो वाचून झाला की माणसं टिटवीनं अंडी कुठं घातली ते बघायला निघतात. उंचावर घातली तर पाऊस दांडगा, आणि चार असली तर चारी महिने बरसणार. यंदा टिटवीनं माझ्याच शेताला मान दिला. माळाच्या कडेला, उघड्या ढेकळांत, चार अंडी. मी मुळात तोंडाचा मोठा, अर्ध्या गावाला मीच सांगत सुटलो. ऐन वैशाखात माझ्या बांधावर जत्रा भरली.

त्या जत्रेला आडवी आली माझी नात आरोही. सहावीतली पोर, अंगानं काडी, आवाज मात्र माझा. तिच्या दिपा मॅडम पर्यावरणाचा तास वर्गात घेतच नाहीत, पोरांना रानात नेतात. माझ्याच लिंबाखाली सगळा वर्ग चिडीचूप बसवून त्यांनी ही टिटवी लांबून दाखवली होती. तेव्हापासून पोरगी सुट्टीतही उजाडलं की शेतात.

"आबा, मानसं जवळ उभी राहिली की ती अंड्यावर बसत न्हाई," ती मला म्हणाली. "उन्हानं अंडी आतल्या आत शिजतेत."

"पाखराला कळतंय समदं. तू अभ्यास कर."

"ह्योच अभ्यास हाय."

अशी उलटून बोलणारी! त्यातच पुसेगावहून माझे व्याही हरिचंदराव आले. माझी लेक कोमल त्यांच्या घरात दिलेली. दोन-तीन रानांतली टिटवीची अंडी स्वतः बघितल्याशिवाय ते पेरणीचं ठरवत नाहीत, आणि त्यांच्या शब्दावर गावातले बाकीचे पेरतात. भर दुपारी मी त्यांना ऐटीत शेतावर घेऊन गेलो. आरोही बांधावर हात पसरून उभी.

"पुढं जायचं न्हाई."

व्याह्यांसमोर! माझं डोकंच फिरलं. "बाजूला हो! कोणासमोर बोलून राहिलीस, कळतं का?"

पोरीचे डोळे भरले, पण पाय हलले नाहीत. वर टिटवी कोकलत घिरट्या घालत होती आणि खाली अंडी तापत होती.

"आबा, कोमल आत्या बाळंत झाली तवा लेकरू कमजोर होतं. तुमी दारातच राखण करत बसून होता. ह्या आजोबांना बी बारशापर्यंत आत सोडलं न्हाई. मंग ह्या टिटवीच्याच खोलीत समद्यांनी काहून शिरायचं?"

व्याही तेव्हा ओसरीवरूनच परत गेले होते. तो राग दोन्ही घरांत अजून धुमसत होता, विषय कोणी काढत नव्हतं. पोरीनं नेमका तोच काढला. आता सोयरीक तुटते, असं वाटून मी खाली मान घातली.

हरिचंदराव मात्र चपला काढून लिंबाखाली टेकले.

"बसा व्याही. बराबर हाय पोरीचं. तवा लई राग आलता, पण आज नातू घरभर पळून राहिला."

आम्ही तिघं बसलो. बऱ्याच वेळानं टिटवी उतरली, पण अंड्यांकडे नाही, हौदाच्या पाटाकडे. पाण्यात बसून तिनं पोटाची पिसं भिजवली, तशीच निथळत आली आणि अंड्यांवर बसली.

"पाणी पाजती व्हय?" व्याह्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई आजोबा. गार करती."

माझा जन्म या रानात गेला. टिटवीच्या ओरडण्याला शिव्या घातल्या, तिची अंडी मोजली, पण तिच्यासाठी कधी थांबलो नाही. नात माझी शेजारी बसली होती, गालावरचे ओघळ अजून ओले. सांगतो, मला तिचा अभिमान वाटला, आणि तो लपवायची मला काही गरज वाटली नाही.

एकाएकी हरिचंदराव उठले.

"काय झालं? घरी चहा टाकलाय."

"चहा ऱ्हाऊ द्या. आमच्या रानात बी टिटवी हाय. येईल त्याला अंडी दाखव, असं मीच सकाळी गड्याला सांगून आलोय!"

आणि पुसेगावचा तो वजनदार माणूस चपला हातात घेऊन, तापल्या ढेकळांतून गाडीकडे पळत सुटला. मागून आरोही ओरडली, "आजोबा, बांधाच्या पुढं कुणालाच सोडू नका!"

"न्हाई सोडत, माय!"

इतक्या वर्षांच्या सोयरिकीत माझा एक शब्द त्यांनी कधी असा झेलला नाही.